बावट्याचा वरचा अर्धा

तिगानी, सामोस
११ नोव्हेंबर १९१२, रविवार

ही वही माझ्या गलबताची. हिच्यात वारा, पाणी आणि नांगर टाकल्याची वेळ, एवढंच लिहायचं असा माझा वीस वर्षांचा नेम. आज तो मोडतो, कारण आज गावात वाऱ्याकडे कुणी बघितलंच नाही.

दुपारी वाथीहून, बेटाच्या राजधानीतून, खेचरावर बसून माणूस आला. सभेने ठराव केला. सामोस ग्रीसला मिळालं. सुलतानाने नेमायचा आणि आम्ही मुजरा करायचा, असला राजा अठ्ठ्याहत्तर वर्षांनी गेला. घंटा वाजल्या, बायका रडल्या, पाद्रीबाबा धक्क्यावरच प्रार्थना म्हणू लागले. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की अख्ख्या तिगानीत ग्रीसचा बावटा एकही नाही. औषधवाला पोलिक्रातिस म्हणतो, "वाथीहून मागवू. चार-आठ दिवसांत येईल."

चार-आठ दिवस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी 'इव्हांगेलिस्त्रिया'वर चढलो, आमच्या बेटाचा जुना बावटा खाली ओढला आणि बायकोची, कालिरोईची, कात्री मागवली. "बघा रे," म्हटलं, "वर लाल, खाली निळा, निळ्यावर पांढरा क्रूस. लाल सुलतानाचा, निळा आपला. यात अडचण कसली?" आणि सगळ्यांदेखत मधोमध कापला. खालचा अर्धा परत चढवला. रोडका दिसत होता, टॉवेल वाळत घातल्यासारखा, पण आपला होता. असा जल्लोष मी जन्मात ऐकला नाही. संध्याकाळपर्यंत अकरा गलबतांचे बावटे कापून झाले.

बारावा दिआमांतिसचा. आम्ही एकाच गल्लीत वाढलो, एकाच धक्क्याला गलबतं बांधतो. हा बाबा दोऱ्यांच्या भेंडोळ्यावर बसून ऑलिव्ह खात होता.

"आण तुझा," म्हटलं.

"नको."

"नको म्हणजे?"

"तुझी फोतिनी पलीकडे कुशादासीला दिलीय. माझी बहीण पलीकडे आहे. पलीकडे, सुलतानाच्या बंदरात शिरायला लाल लागतो, झिसिमो. आणि दुसरं, ग्रीसच्या जहाजांवर पट्ट्यांचा बावटा असतो. पिरेअसला तूही पाहिलायस. तू जो चढवलास ना, तो कचेरीवर लावतात."

एवढ्या मोठ्या दिवशी याला पट्टे आठवले! मी त्याला सुलतानाचा हुजऱ्या म्हणालो आणि त्याच्या पायाशी थुंकलो. त्याने ऑलिव्हची बी समुद्रात टाकली. लाल तुकडा कालिरोईने उचलून नेला. म्हणाली, चांगलं लोकरी कापड आहे.

१४ नोव्हेंबर, बुधवार

धक्क्याची समिती झाली. मी, पोलिक्रातिस आणि पाद्रीबाबा. नियम मी स्वतः लिहिले, माझ्या अक्षरात. पहिला, लाल कापड जाळून टाकावं. दुसरा, ज्या गलबतावर लाल असेल त्याला तिगानीच्या धक्क्याला दोर टाकता येणार नाही. टाकायचा असेल तर समिती तिथल्या तिथे बावटा कापेल, मग माणूस उतरेल. पोलिक्रातिसला दुसरा नियम फार आवडला, त्याने दोनदा वाचून दाखवला.

दिआमांतिसने नांगर उचलला आणि गलबत इरेओच्या खाडीत नेऊन ठेवलं, गाढवावरून दीड तासावर. बरं झालं.

कालिरोई तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. बायकांना राजकारण कळत नाही. दिवसभर खिडकीत बसून काहीतरी शिवते.

२२ नोव्हेंबर, गुरुवार

आज मस्कत द्राक्षांच्या दारूची पिंपं घेऊन कुशादासीला गेलो. धमक दाखवायला गेलो म्हटलं तरी चालेल. बंदराच्या तोंडाशी तुर्कांचा नोंदणी-अधिकारी हाफूझ एफेंदी त्याच्या होडीत उभा. वीस वर्षं हा माणूस माझी नोंद करतो, माझ्या मुलीच्या लग्नात जेवलाय.

"झिसिमो कप्तान! वरचा अर्धा कुठाय?"

"कापला!"

"मग शिवून आण. माझ्या वहीत सामोसचा रकाना आहे, आणि दुश्मनाचा आहे. सामोसचा बावटा दाखवलास तर मी सामोस लिहितो आणि वर काही बघत नाही. हा दाखवलास तर तू दुश्मन. मला दुश्मनावर गोळी झाडावी लागते रे, आणि माझे हात थंडीने आखडलेत."

आणि खरंच झाडली, आभाळात. पिंपांसकट परत आलो. येताना दिआमांतिसचं गलबत समोरून गेलं, पूर्ण बावटा फडकावत. त्याने हात केला. मी केला नाही. संताप होतो नुसता! लाज सोडली की माणसाला सगळी बंदरं मोकळी.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

जेवताना कालिरोईने ताटाशेजारी पत्र ठेवलं. फोतिनीचं. जावई यांगोसला सक्तीने सैन्यात नेलं, तिसरा आठवडा झाला. घराच्या काचा फोडल्या. घरमालक जागा सोड म्हणतो. पोर केव्हाही होईल, सेंट स्पिरिदोनच्या सणाच्या आसपास असं सुईण म्हणते, म्हणजे पुरते दोन आठवडेही नाहीत. खाली लिहिलंय : "बाबा, तुम्हीच या. मला समुद्राची भीती वाटते हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही नसाल तर मी गलबतात पाय ठेवायची नाही."

मी ताट सरकवलं. "लाल तुकडा काढ," म्हटलं.

"तो नाही."

"नाही म्हणजे? तूच उचललास ना?"

"त्याला अस्तर लावून बाळाची रजई केली. फोतिनीकडे गेली."

"कुणाबरोबर?"

"जो जातो त्याच्याबरोबर," कालिरोई म्हणाली आणि माझं ताट उचलून नेलं.

म्हणजे माझ्याच घरातून, माझ्याच पाठीमागे, त्या माणसाकडे सामान जातं! मी ओरडलो, खुर्ची आपटली. खुर्चीचा पाय मोडला. आता तोही मीच दुरुस्त करायचा.

१ डिसेंबर, शनिवार

अकरांपैकी मी सोडून बाकी दहा कप्तानांच्या दारात जाऊन आलो. दोन दिवसांपुरता लाल तुकडा द्या, एवढंच मागणं. दहाही म्हणाले, जाळला. सोफोक्लिसने तर मला चुलीपाशी नेलं. "राख दाखवू का, कप्तान? तुमचाच नियम ना पहिला?" आणि त्याच्या अंगणात दोरीवर त्याच्या बायकोचा लाल परकर वाळतोय, करकरीत नवा. मी म्हटलं, हा काय? तर म्हणे, ती पहिल्यापासून लालच नेसते.

मी म्हटलं, "अरे, माझी मुलगी अडकलीय."

"हो ना, ऐकलं. वाईट झालं. पण समितीला सांगा, सोफोक्लिसकडे लाल नाही."

समितीला कशाला सांगू? मी काय चौकशीला आलो होतो? सगळे खोटारडे आहेत. तोंडावर जयजयकार करतात आणि पेटाऱ्यात लाल ठेवतात. कोणत्या माणसांसाठी आपण कात्री चालवली असं झालंय.

६ डिसेंबर, गुरुवार, सेंट निकोलासचा सण

खलाशांच्या संताचा दिवस. चर्चमध्ये मेणबत्ती लावली आणि तिथूनच गाढव करून इरेओला गेलो. दिआमांतिस खाडीत शिडाला ठिगळ लावत होता. मला पाहून उठला नाही.

"बावटा दे," म्हटलं. "दोन दिवसांसाठी."

"ये, बस. सणाचा दिवस आहे, निदान सुप्रभात तरी म्हण."

"सुप्रभात. दे."

"कुणासाठी? सुलतानाच्या हुजऱ्यासाठी?"

"जखमेवर मीठ चोळायचं तर नंतर चोळ. फोतिनीचे दिवस भरलेत."

तो थोडा वेळ सुईशीच खेळला. मग म्हणाला, "बावटा नुसता चालत नाही. हाफूझला गलबत ओळखीचं लागतं. माझ्या गलबतातून जायचं. तू यायचंस, कारण पोरगी तुझ्याशिवाय पाय उचलायची नाही. खलाशी म्हणून यायचंस. आणि बावट्याचा दोर तूच ओढायचास. माझे खांदे धरलेत."

खांदे धरलेत म्हणे! काल याच खांद्यांनी त्याने नांगर उचलला असेल. माझ्या तोंडावर दहा शिव्या आल्या. त्यातल्या चार दिल्या. तो ऐकत बसला.

मग हो म्हणालो. दात आवळून म्हणालो, पण म्हणालो.

८ डिसेंबर, शनिवार

हे आजच लिहायला हवं.

पहाटे निघालो. सामुद्रधुनीत शिरल्यावर दिआमांतिस सुकाणूवरून नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी दोर ओढला. लाल वर गेला. आभाळ कोसळलं नाही, याचाही मला राग आला.

हाफूझने मला पाहिलं आणि मिशीत हसला. "नवा खलाशी? जरा म्हातारा दिसतो," म्हणाला आणि वहीत सामोस लिहिलं.

फोतिनी धक्क्यावर बोचक्यावर बसली होती, ती रजई खांद्यावरून गुंडाळून, लाल बाजू आत. मला बघून लहानपणी रडायची तशी रडली. शेजारी दिआमांतिसची थोरली बहीण वासिलिकी उभी होती. यांगोसला नेल्यापासून, महिनाभर, तिने माझ्या मुलीला आपल्या घरात झोपवलंय, हे मला आज कळलं. कालिरोईला माहीत होतं म्हणे.

"तूही चल," दिआमांतिस तिला म्हणाला.

"पोरीला आडवं पडायला जागा लागेल. आणि माझ्या कोंबड्या? दाराला कुलूप नाही. पुढच्या खेपेला येईन. तू काय, येतच असतोस."

परतताना अर्ध्या वाटेत फोतिनीला कळा सुरू झाल्या. ती माझा हात धरून किंचाळत होती. "बाबा, पाणी किती राहिलं?" विचारायची. मी म्हणायचो, झालंच. इरेओला उतरून दीड तास गाढवावर बसवणं शक्यच नव्हतं. आम्ही सरळ तिगानीच्या धक्क्याला आलो.

तिथे पोलिक्रातिस कागद घेऊन उभा. मागे सोफोक्लिस आणि बाकीचे कप्तान, सगळेच्या सगळे. दोर टाकला तर कुणी झेलेना.

"कलम दुसरं," पोलिक्रातिस वाचायला लागला.

"माझी मुलगी आत आहे! ऐकू येत नाही तुला?"

"ऐकू येतं, कप्तान. म्हणूनच लवकर करू. अक्षर तुमचंच आहे, बघा हवं तर." आणि त्याने कात्री पुढे केली. "तुम्ही समितीचे. तुम्हीच कापा."

बाकीचे बघत होते. मी पाद्रीबाबांकडे पाहिलं, ते पायांकडे बघू लागले. आतून फोतिनी ओरडली. दिआमांतिसने बावटा उतरवला, माझ्यासमोर दोन्ही हातांनी ताणून धरला आणि म्हणाला, "कर. वाकडा कापू नकोस."

मी कापला.

सरळ कापला. मग त्यांनी दोर झेलला.

९ डिसेंबर, रविवार

सूर्योदयाला नात झाली. दोघी सुखरूप. कालिरोईने मला आत बोलावून बाळ हातात दिलं, पण बोलली नाही.

दिआमांतिसचा लाल पोलिक्रातिसने काल धक्क्यावरच जाळला. बारा बावट्यांमधला खरोखर जळलेला लाल तुकडा तो एकच, असं मला आता वाटतंय. आज बारशाची चौकशी करत घरी आले सगळे. सोफोक्लिसने मध आणला. मी तो त्याच्या देखत गाढवाच्या पुढ्यात ओतला.

१५ डिसेंबर, शनिवार

सहा दिवस इरेओला जायचं धाडस झालं नाही. आज गेलो. गलबत वाळूवर ओढून ठेवलंय. दिआमांतिस चुलीपाशी बसला होता. मला वाटलं शिव्या देईल, हाकलून लावेल. मला ते हवं होतं. त्याने कॉफी केली, माझ्यासाठी दोन चमचे साखर घातली, मला लागते तशी. बहिणीचं नावसुद्धा काढलं नाही. मीही काढलं नाही. कॉफी पिऊन आलो. यापेक्षा त्याने थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन म्हटलं, "रजई उसव."

कालिरोईने एवढ्या दिवसांनी माझ्याकडे नीट बघितलं. "बाळावर काय घालू?"

"माझा कोट घाल. मी फिरतो असाच."

तिने एकेक टाका उसवून लाल सोडवला. मी शिडाची सुई आणि मेणाचा दोरा घेतला आणि माझ्या निळ्या अर्ध्यावर तो शिवायला बसलो.

"खाली शिवताय," कालिरोई म्हणाली. "लाल वर असतो."

महिनाभरात विसरलो मी! आयुष्यभर ज्याच्याखाली पोट भरलं, त्याची वरची बाजू विसरलो. उसवलं, परत शिवलं. जाऊन समितीच्या वहीतलं माझं नाव खोडून आलो. पोलिक्रातिस म्हणाला, विचार करा. मी म्हटलं, विचार आधी करायचा होता, तेव्हा तूही केला नाहीस आणि मीही नाही.

१९ डिसेंबर, बुधवार

वासिलिकीला आणायला एकटाच निघालो, 'इव्हांगेलिस्त्रिया' घेऊन, शिवलेला बावटा सगळ्या गावासमोर चढवून. कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तर आज कात्री कुणाच्या तरी अंगात गेली असती.

कुशादासीच्या तोंडाशी हाफूझ नव्हता. त्याची होडीही नव्हती. सैनिक होते, परक्या मुलखातली तरणी पोरं. मी बावट्याकडे बोट दाखवून ओरडत राहिलो, "सामोस! सामोस!" त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पहिली गोळी पाण्यात गेली, दुसरी निळ्यातून आरपार. त्यांच्या लेखी लाल काय आणि निळा काय. बंदरच बंद झालंय. धक्क्यावर बायका उभ्या दिसत होत्या. त्यात वासिलिकी होती की नव्हती, सांगता येत नाही. डोळे अधू झालेत.

आठ तारीख ते एकोणीस तारीख. मधल्या दहांतले काही दिवस तरी हाफूझ तिथे असणार. त्या दहा दिवसांत बारा गलबतांच्या गावातून पूर्ण बावटा लावून एकही गलबत गेलं नाही, कारण शेवटचा मी कापला. हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला दुसऱ्या कुणावर रागावता येणार नाही.

दिआमांतिसला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "कोंबड्या फार जीवाच्या तिला."

६ मार्च १९१३, बुधवार

शनिवारी ग्रीसची जहाजं वाथीला आली. आज तिगानीला एक अधिकारी आला, पांढरे हातमोजे, वय माझ्या जावयाएवढं. गावाने फुलं उधळली. पोलिक्रातिसने भाषण केलं. धक्क्यावरच्या दहा गलबतांवर दहा टॉवेल फडकत होते. माझ्या डोलकाठीवर शिवलेला. मी उतरवलाच नव्हता.

अधिकारी धक्क्यावरून चालत गेला आणि थांबला. "हे काय लावलंय सगळ्यांनी?"

"आपला बावटा, साहेब!" सोफोक्लिस म्हणाला.

"हा कचेऱ्यांवर लावतात. जहाजांना पट्ट्यांचा. तुम्ही दर्यावर्दी ना? एवढंही माहीत नाही?" आणि त्याने माणसांना सांगून सगळे खाली उतरवले. धक्क्यावर ढीग घातला आणि नवे पट्ट्यांचे वाटले.

मी गर्दीत दिआमांतिसला शोधलं. निदान आज तरी तो हसेल. तो नुसता उभा होता.

मग अधिकारी माझ्या गलबतापाशी आला. "हा कुठला?"

"आमचा."

"मधे शिवण कसली? आणि हे भोक?" त्याला फारसं ऐकायचं नव्हतं. "लाल काढून टाक. निळा शाळेवर चालेल. कात्री द्या रे याला कुणीतरी."

पोलिक्रातिसच्या खिशात कात्री होती! खिशात घेऊनच हिंडतो मेला. ती माझ्यासमोर धरली, त्याच हाताने, तशीच.

"मी कापणार नाही," म्हटलं.

"हुकूम आहे," अधिकारी म्हणाला.

"उतरवतो. तुमचे पट्टे चढवतो, आनंदाने चढवतो, या दिवसासाठी मी अख्खं आयुष्य काढलंय. पण हा कापणार नाही. एकदा कापला, त्यात एक माणूस पलीकडे राहिलं. आता कात्री पुढे केली तर मी ती समुद्रात टाकीन आणि मागोमाग धरणाऱ्याला."

अधिकारी माझ्याकडे बघत राहिला, मग म्हातारा चळलाय असं समजून पुढे गेला. त्याला बाकीची गावं उरकायची होती.

मी बावटा उतरवला, घडी घातली आणि दिआमांतिसच्या हातात दिला. "वाट उघडली की लागेल," म्हटलं.

"तोवर पलीकडे काय लागेल, कुणास ठाऊक." त्याने अंगठ्याने शिवण चाचपली. "जाड शिवलायस."

"शिडाचा टाका आहे. सुटायचा नाही."

त्याने तो कोटाच्या आत घातला आणि इरेओच्या वाटेला लागला.

'इव्हांगेलिस्त्रिया', तिगानी. बावटा नवा, पट्ट्यांचा. समुद्र शांत. वारा नैर्ऋत्येचा, कुशादासीला जायला याहून चांगला वारा नाही. कुणी गेलं नाही.